गगनवीर मंडळाचा दहावा वीर

गगनवीर मंडळात वीर पाचच, असं हेमंत कुलथ्यांचं ठाम म्हणणं होतं. त्यात चूक काहीच नव्हतं, पण पेंढरीपाड्याला ते परवडण्यासारखं नव्हतं.

कुलथे म्हणजे धरणावरून निवृत्त झालेले अभियंता. राहायला भातसानगरला. वय साठीच्या पुढचं, पण गगनवीर मंडळाचा विषय निघाला की दहा वर्षांचे होऊन बोलायचे. गगनवीर मंडळ ही त्यांच्या लहानपणीची चित्रकथा. वज्रबाहू, तडितकन्या, गरुडनेत्र, अदृश्य आनंद आणि पोलादी पांडू हे पाच महावीर दर अंकात पृथ्वी वाचवायचे, आणि वाचवून झाली की गिरगावातल्या गुप्त खोलीत बसून कांदाभजी खायचे. अंक बंद पडून जमाना झाला. पण ते वाचून मोठी झालेली, आता पोटं सुटलेली आणि गुडघे धरून जिने चढणारी मंडळी कल्याण-डोंबिवलीपासून नाशिकपर्यंत पसरलेली होती. यंदा त्यांनी मुरबाडच्या पुढं, कुणाच्या तरी भाच्याच्या फार्महाऊसवर, चाहत्यांचं संमेलन भरवायचं ठरवलं होतं.

संमेलनाचा फ्लेक्स छापायला कुलथे शहापूरच्या बाजारात आले आणि तिथं त्यांना सुनिल भेटला.

सुनिल फ्लेक्सच्या दुकानात कामाला होता. होऊ घातलेल्या सरपंचांना गॉगल चढवायचा, त्यांच्या शेजारी वाघ बसवायचा, वाघ पसंत नसेल तर सिंह बसवायचा, असं त्याचं रोजचं काम. त्यामुळे विजा सोडणारी बाई आणि लोखंडाचा माणूस पाहून तो काही दचकला नाही. त्यानं सरळ विचारलं, "साहेब, वाढदिवस कुणाचा?"

कुलथ्यांनी मग त्याला उभं करून गगनवीर मंडळ समजावलं. बोलता बोलता सुनिल आटगावजवळच्या पेंढरीपाड्याचा, असं कळलं आणि कुलथे एकदम टेबलावर हात आपटून म्हणाले, "अरे, तुमच्याकडचा बोहाडा पाहिलाय मी. ते मुखवटे, ती संबळ. आमचे पाच वीर तसे नाचवाल का संमेलनात?"

सुनिल हो म्हणून बसला. हो म्हणून झाल्यावर त्याला गाव आठवलं.

बोहाडा म्हणजे मुखवट्यांचा उत्सव. शेतीची कामं आटपली की पेंढरीपाड्यात देवांची, राक्षसांची सोंगं एकामागून एक वाजतगाजत नाचत येतात. प्रत्येक सोंग एकेका घराण्याचं असतं. रावण महादूच्या घरचा, म्हणजे तो महादूच्या आज्याचा होता, बापाचा होता, आणि आता महादूचा. दुसऱ्या कुणी रावणाला हात लावला तर महादू मुखवटा न घालताही रावण होतो. घरं दहा, सोंगं दहा. एखाद्या घराला सोंग नाही असं व्हायचंच नाही, आणि झालं तर त्या घरानं वर्षभर कुणाच्या लग्नालासुद्धा जाऊ नये इतका तो अपमान.

साहजिकच देवळाच्या पारावर बैठक बसली आणि सुनिलनं "पाच वीर" असं म्हणताच नऊ माणसांनी त्याच्याकडं असं पाहिलं, की त्याला आपण फ्लेक्सच्या दुकानातच बरे होतो असं वाटलं.

"पाच?" महादू म्हणाला. "मंग बाकीच्या पाच घरांनी काय करायचा? टाळ्या पिटायच्या?"

"काका, पुस्तकातच पाच हायेत."

"पुस्तक त्यांचा. घरं आमची." महादूनं निकाल देऊन टाकला. "देवाची सोंगं बोहाड्याच्या बाहेर काढायची नाय. नवी बनवा. पन घरं दहाच, नि क्रमबी आपलाच. आधी बारकी सोंगं, मंग मोठी. नायतर कुणीच येणार नाय."

मोठं सोंग कुणाचं, यावर बैठक मुळीच झाली नाही. महादूनं फ्लेक्सच्या नमुन्यावर नजर टाकली, सगळ्यात रुंद छातीच्या वज्रबाहूवर बोट ठेवलं आणि उठून गेला. उरलेल्या चार मोठ्या घरांनी उरलेले चार मोठे वीर उचलले. पाच घरं तशीच राहिली, आणि त्यातलं एक सुनिलचं स्वतःचं होतं.

सुनिलच्या घरचं सोंग बगळ्याचं. त्याचा बाप वाळू ते नाचवायचा. आता नाचवायचा म्हणावं की नाही हाच प्रश्न आहे, कारण बगळा नाचत नाही. बगळा एका पायावर उभा राहतो. संबळ वाजते, पिपाणी किंचाळते, आणि वाळू पांढरं धोतर आणि लांब चोचीचा मुखवटा घालून, एक पाय पोटाशी घेऊन, खांबासारखा उभा. बराच वेळ काही म्हणजे काही होत नाही. मग मान दोन बोटं पुढं सरकते. पुन्हा काही नाही. आणि मग कुणाच्याही ध्यानीमनी नसताना चोच खाली जाते आणि वर येते. मासा घेतला. झालं.

हे पाहायला थांबायचं म्हणजे थांबावं लागतं, आणि गावात थांबायला कुणाला वेळ आहे? बारकी सोंगं संपून मोठी यायच्या आधी बगळा येतो. त्यामुळे बगळा आला की गाव उठतं. कुणी चहाला जातं, कुणी तंबाखू चोळत शेताच्या बांधाकडं जातं, बायका पोरांना झोपवायला घरी जातात, आणि मोठ्या सोंगांची माणसं मुखवटे बांधायला आत. संबळवालासुद्धा काठी दुसऱ्याच्या हातात देऊन निघतो. वाळूनं चाळीस वर्षं उठून चाललेल्या पाठींसमोर मासा धरला होता.

वाळूला त्याचं काही वाटतं की नाही, हे सुनिलला कधी कळलं नाही. वाळू मुळात बोलायचाच कमी. पण सुनिलला वाटायचं, आणि चांगलंच वाटायचं. बाप सत्तरीला आला होता. गेल्या साली उभं राहताना पाय थरथरलेला त्यानं पाहिला होता. अजून किती वेळा उभा राहील? एकदा, फक्त एकदा, तो बगळा करत असताना समोर माणसं बसलेली असावीत, त्यांची तोंडं त्याच्याकडं असावीत, एवढंच सुनिलला हवं होतं. आणि मुरबाडला खुर्च्या मांडल्या जाणार होत्या. शहरातला माणूस एकदा खुर्चीत बसला की सहजासहजी उठत नाही, हे त्यानं लग्नांमधून पाहून ठेवलं होतं.

पोशाखांसाठी म्हणून कुलथ्यांनी त्याला जुन्या अंकांचा गठ्ठा दिला होता, लहान बाळ हातात द्यावं तसा. दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा सुनिल ते चाळायला लागला आणि त्याच्या लक्षात आलं, की मंडळात पाच नव्हे, बरेच जण होते. पाचच जण पुढं पुढं करायचे.

छत्रीधर होता. त्याच्या छत्रीखाली उभं राहिलं की काहीही लागत नसे, बाँबसुद्धा नाही. पण छत्रीत माणूस एकच मावायचा, त्यामुळे तो स्वतःच वाचायचा. प्राध्यापक डुलकी होते. ते बोलायला लागले की खलनायक झोपायचा. दुर्दैवानं मंडळही झोपायचं. उजव्या नावाचा एक वीर वाऱ्यासारखा धावायचा, पण त्याला फक्त उजवीकडे वळता यायचं. डावीकडच्या दरोड्याला पोचायला तो तीनदा उजवीकडे वळायचा आणि तोवर दरोडेखोर घरी जाऊन जेवायला बसलेले असायचे. आणि चुंबकबाई होती. ती शत्रूच्या तलवारी ओढून घेई, पण सोबत आसपासच्या चाळींतली भांडीही यायची, आणि अंकाची शेवटची दोन पानं ती ज्याची त्याला परत करण्यात जायची.

सुनिलला हे चौघं फार आवडले. त्यानं लगेच कुलथ्यांना फोन लावला.

"अहो, ते?" कुलथे हसले. "ते भरतीचे. त्यांना कोण बघणार?"

सुनिलनं फोन ठेवला. "त्यांना कोण बघणार" हे वाक्य त्यानं कुठं कुठं ऐकलं होतं ते त्याला आठवत होतं. दुपारी एका उमेदवाराच्या फ्लेक्सवर त्यानं वाघाऐवजी चुकून बगळा बसवला, तो मालकानं वेळेवर पाहिला म्हणून निभावलं.

चार वीर चार घरांना वाटले. वाटणारा सुनिल, त्यामुळे आपल्या घरासाठी आधी हात पुढं करणं त्याला बरं दिसेना. सकुबाईनं तर मागायच्या आतच चुंबकबाई घेतली. तिचा मुलगा वासिंदला कंपनीत, त्याला रजा नव्हती. "बोहाड्यात बायका सोंग घेत नाय, माहीत हाय," ती म्हणाली, "पन ह्यो कुठं बोहाडा हाय? आन् भांडी माझी हायेत." डुलकी अनिलकडं गेले, कारण अनिल ग्रामसभेत बोलायला उभा राहिला की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

गठ्ठा सुनिलनं पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा पालथा घातला. पाचवा भरतीचा वीर काही सापडेना. वाळूसाठी कुणीच शिल्लक नव्हतं.

मग सुनिलनं तो बनवला. वाघ बसवता येतो, सिंह बसवता येतो, तर वीर का नाही? नाव ठेवलं निश्चल. शक्ती अशी, की तो हलत नाही. शत्रू त्याच्यासमोर येतो, आरडाओरडा करतो, तलवारी फिरवतो, दमतो, आणि शेवटी कंटाळून शरण येतो. आणि शरण यायला वाकला की निश्चल त्याला पकडतो.

संध्याकाळी त्यानं वाळूला सांगितलं. वाळू अंगणात नांगराचा फाळ पुसत बसला होता.

"करतो काय ह्यो?" वाळूनं विचारलं.

"उभा ऱ्हातो. मंग एकदाच पकडतो."

"म्हंजे बगळा."

"बगळाच. नाव येगळा."

वाळूनं थोडा विचार केला. "पान्यात उभा ऱ्हातो का जमिनीवर?"

"जमिनीवर."

"मंग जमल," वाळू म्हणाला आणि फाळ पुसायला लागला.

नवे मुखवटे रद्दी आणि चिंचोक्याच्या खळीचे झाले. ते डोक्यामागं दोरीनं असे आवळायचे, की सोडायला दोन माणसं लागतात. डोळ्यांना भोकं एवढीशी, त्यामुळे बाजूला बघायचं तर मान वळवून भागत नाही, अख्खं अंग फिरवावं लागतं. निश्चलसाठी सुनिलनं बगळ्याच्या जुन्या साच्यावरच काम भागवलं. चोच कापून नाक केलं. नाक जरा लांब राहिलं, पण वीराला असेल एखादा दोष, असं त्यानं स्वतःला समजावलं. झोप मात्र उडाली होती. समोर बसणार होते ते गगनवीर मंडळ कोळून प्यालेले लोक. त्यांनी सगळ्यांदेखत "हा कोण? हा खोटा आहे," असं म्हटलं तर? सगळा दोष सुनिलचा, आणि हसं होणार वाळूचं, लांब नाक लावून एका पायावर उभं असताना.

संमेलनाच्या दिवशी टेम्पो शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडकडं निघाला. मागं दहा मुखवटे, दहा घरं, संबळ, पिपाणी आणि सकुबाईचं सगळं स्वयंपाकघर. खड्डा आला की स्वयंपाकघर वाजायचं.

फार्महाऊसवर आंब्याखाली मांडव होता. खुर्च्या होत्या, हे सुनिलनं पहिल्यांदा पाहिलं. चाहत्यांनी वज्रबाहूच्या चित्राचे एकसारखे टी-शर्ट घातले होते. बऱ्याच जणांच्या पोटावर वज्रबाहू आडवा पसरला होता, त्याची छाती महादूपेक्षाही रुंद दिसत होती. मांडवाच्या मागच्या बाजूला एका टेबलावर जुने अंक मांडले होते, आणि त्याच्या शेजारी चहा आणि भज्यांची सोय. भजी पाहून सुनिलला बोहाड्यातला चहा आठवला, पण टेबल खुर्च्यांच्या पार मागं होतं. चालेल, असं त्याला वाटलं.

कुलथ्यांनी टेम्पोतून उतरणारे मुखवटे मोजले आणि त्यांचा चेहरा पडला. "दहा? मी पाच म्हटलं होतं."

"बाकीचे सभासद," सुनिल म्हणाला. "मंडळ आहे म्हटल्यावर सभासद आलेच."

कुलथे काही बोलणार तेवढ्यात त्यांच्या मागं डोंबिवलीचे नाचणे येऊन उभे राहिले. नाचणे आणि कुलथे यांच्यात गगनवीर मंडळाचं जास्त कुणाला येतं यावरून जुनी खुन्नस होती. छत्रीधरचा मुखवटा पाहून नाचण्यांचे डोळे मोठे झाले. "अहाहा. छत्रीधर! कुलथे, तुम्ही छत्रीधर आणलात?"

"मग," कुलथे तत्काळ म्हणाले, "नुसते पाच काय, कुणीही आणतं." आणि त्यांनी सुनिलच्या पाठीवर थाप मारली. फक्त एक अट घातली: शेवटी सगळ्यांचा एकत्र फोटो होईपर्यंत कुणीही मुखवटा सोडायचा नाही. दोरी सोडाबांधायला वेळ जातो आणि जेवण थंड होतं. दहाही घरांनी मुखवटे बांधले आणि मांडवाच्या एका बाजूला ओळीनं उभी राहिली. मुखवट्यातून महादूचा आवाज आला, "मंग चहा कसा प्यायचा?" ते कुणालाच नीट ऐकू आलं नाही.

सुनिलनं माईक हातात घेतला. ओळख करून द्यायचं काम त्याचं होतं.

छत्रीधर आला तेव्हा समोरून सगळे एकदम ओरडले, "अंक सदतीस!" त्यानं ऐटीत छत्री उघडली आणि मांडवाची झालर छत्रीच्या काड्यांत अडकून निम्मी खाली आली. टाळ्या पडल्या. डुलकी आले. अनिलनं मुखवट्यातून "उपस्थित मान्यवर" असं म्हणून जी सुरुवात केली, की घरूनच पुरणपोळी खाऊन आलेले तिसऱ्या रांगेतले दोघं खरंच घोरायला लागले, आणि सगळ्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. उजव्यानं रिंगणाला फेरी घातली, दुसऱ्या फेरीत उजवीकडे वळता वळता तो रिंगणाबाहेर गेला, आंब्याला वळसा घालून, शेजारच्या विहिरीला वळसा घालून, बऱ्याच वेळानं घामाघूम परत आला. लोक माना उंचावून वाट पाहत होते. आणि सकुबाई आली ती वाजतच आली. अंगाला झारे, उलथणी, वाट्या, पेले आणि पाठीवर मोठी परात. तिनं संबळच्या तालावर एकदा अंग झटकलं आणि संबळवाल्या महेंद्रला आपली संबळ ऐकू येईना. नाचणे डोळे पुसत म्हणाले, "आयुष्यात कधी वाटलं नव्हतं चुंबकबाई प्रत्यक्ष दिसेल."

इथवर सगळं सुनिलच्या मनासारखं होत होतं. खुर्च्या भरलेल्या होत्या. कुणीही उठलं नव्हतं. आता पाळी वाळूची.

सुनिलनं माईक तोंडाशी नेला. "आता येतोय," तो म्हणाला, "मंडळाचा असा एक सभासद, ज्याला फार थोड्यांनी पाहिलंय. निश्चल. हा हलत नाही. हा घाई करत नाही. पृथ्वीवर कितीही संकट येवो, हा थांबतो."

वाळू चालत आला, रिंगणाच्या मधोमध थांबला, एक पाय हळूच वर घेतला आणि पोटाशी धरला.

चाहत्यांनी एकमेकांकडं पाहिलं. कुलथ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

मग नाचणे म्हणाले, "हो, हो. निश्चल. अंक पंचेचाळीस."

निश्चल अस्तित्वातच नव्हता. पण नाचण्यांना माहीत आहे आणि आपल्याला नाही, हे कुलथ्यांना सहन होणं शक्य नव्हतं. "पंचेचाळीस कुठला," ते म्हणाले, "दिवाळी अंक. मी मांडीवर घेऊन वाचलाय."

"दिवाळी अंकात त्याचा पोशाख काळा होता," मागून एक जण म्हणाला.

"काळा त्याच्या भावाचा. जुळा भाऊ होता ना त्याला."

"बहीण."

"अहो भाऊ. बहीण पोलादी पांडूला."

"पैज लावता?" कुलथे उठले. "अंक आहेत की मागं. चला, दाखवतो."

आणि सुनिलच्या डोळ्यांदेखत सगळ्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. पहिली रांग, दुसरी रांग, घोरणारे दोघेसुद्धा जागे होऊन गेले. अख्खं संमेलन अंकांच्या टेबलाभोवती जमलं. पानं उलटली जाऊ लागली. टेबलाशेजारीच चहा होता, त्यामुळे कुणीतरी चहा ओतला, कुणीतरी भजी घेतली, आणि वाद आणखी रंगला.

समोर नुसत्या पाठी. सुनिलला स्वतःचा इतका राग आला, की माईक आंब्यावर फेकून मारावा असं वाटलं. साधा छत्रीधर दिला असता तर लोक बसून राहिले असते. शहाणपणा केला, खोटा वीर बनवला, आणि बापाला पेंढरीपाड्याहून उचलून इतक्या लांब आणून पुन्हा तेच दाखवलं. वाळूच्या मुखवट्याची भोकं सरळ रिकाम्या खुर्च्यांकडं होती. त्याला सगळं दिसत होतं. तो हलला नाही. कसा हलेल, बगळा होता तो.

महेंद्रही सवयीनं काठी खाली ठेवून चहाकडं निघाला होता. तेवढ्यात त्याची नजर बाजूच्या ओळीवर गेली आणि तो थांबला. ते पाहून सुनिलनंही तिकडं पाहिलं.

ओळीतले नऊही जण फिरले होते. नुसती मान वळवून दिसत नाही, म्हणून अख्खे फिरले होते. छत्रीधर, डुलकी, उजव्या, चुंबकबाई, गरुडनेत्र, तडितकन्या, अदृश्य आनंद, पोलादी पांडू, आणि सगळ्यात पुढं रुंद छातीचा वज्रबाहू. बोहाड्यात ह्या वेळी यांच्यातलं कुणीच जागेवर नसतं. आज मुखवटे आवळलेले होते, चहा पिता येत नव्हता, तंबाखू लावता येत नव्हती, जायला कुठं जागाच नव्हती. दुसरं काही करण्यासारखं नाही म्हणून ते वाळूकडं बघत होते.

महेंद्रनं काठी पुन्हा उचलली. आधी हळू, मग जोरात. पिपाणीवाला त्याच्याकडं बघून सावरून बसला. संबळ अशी वाढत गेली, की आता काहीतरी घडलंच पाहिजे, आणि काहीच घडेना. वाळू उभा. सत्तरीचा तो पाय एकदा थरथरला आणि थांबला. मान दोन बोटं पुढं आली. उजव्याचा पाय नकळत पुढं सरकला. संबळ आणखी चढली. वाळू उभा. अनिलसुद्धा गप्प होता. आणि मग, कधी ते नेमकं कुणालाच सांगता आलं नसतं, वाळूचं अख्खं अंग खाली गेलं आणि वर आलं.

सकुबाई एवढी दचकली, की तिच्या अंगावरचं सगळं स्वयंपाकघर एकदम खणाणलं.

त्या आवाजानं टेबलाजवळची मंडळी वळली. कुलथे एका हातात अंक आणि दुसऱ्या हातात भजं घेऊन धावत आले. "झालं? अरेरे. व्हिडिओ राहिला. बाबा, एकदा पुन्हा करता का?"

वाळूनं मुखवट्यातून त्यांच्याकडं पाहिलं. "नाय," तो म्हणाला.

कुलथे ओशाळले. पुढचं नाव वज्रबाहूचं होतं, त्यांनी सुनिलला खूण केली. सुनिलनं नाव पुकारलं. वज्रबाहू जागचा हलला नाही. मग तो चालत रिंगणात आला, पण नाचला नाही, वाळूसमोर जाऊन उभा राहिला.

"वाळूदा," मुखवट्यातून महादूचा दबलेला आवाज आला, "ह्या तू दरसाल करतोस?"

"दरसाल."

"असाच?"

"कधी याच्याहून बरा होतो. कधी नाय होत."

महादू आणखी एक पाऊल पुढं आला. रावण नाचवणारा माणूस तो, गावातलं सगळ्यात मोठं सोंग त्याचं. त्याचे खांदे खाली आले होते. "मला हितनं अर्धाच दिसला," तो म्हणाला. "भोक बारीक हाय. पुन्यांदा करशील?"

वाळूनं विचार केला. "मुखवटा काढ मंग."

महादूनं डोकं पुढं वाकवलं. सुनिल धावला, अनिल आंधळ्यासारखा चाचपडत आला, दोघांनी मिळून गाठ सोडली. मग महादू आणि सुनिलनं अनिलची सोडली, अनिल आणि महादूनं सकुबाईची. बघता बघता नऊ मुखवटे आंब्याखाली उताणे पडले आणि घामानं निथळणारी नऊ घरं रिंगणासमोर जमिनीवर मांडी घालून बसली. खुर्च्या मागं रिकाम्याच होत्या. सुनिलनं शहरी माणसं मागितली होती. आपल्या गावची माणसं समोर बसतील, असं मागायचं त्याला कधी सुचलंच नव्हतं. त्याला हसूही येत होतं आणि रडूही, आणि हातात माईक असल्यानं नाक कसं पुसावं ते कळत नव्हतं.

"अहो, फोटो," कुलथे कासावीस होऊन रिंगणाच्या कडेला येऊन उभे राहिले. "मुखवटे कशाला काढले? आधी फोटो ठरला होता ना? आणि वज्रबाहू कधी नाचणार?"

वाळूनं पाय उचलला आणि पोटाशी धरला. महेंद्रनं काठी उगारली.

"खाली बसा हो सायेब," महादू वाळूवरची नजर न काढता म्हणाला. "मागच्यांना दिसत नाय."